क्रम मोडून आलेली कला

पाश्चात्त्य चित्रकलेचा इतिहास आपल्याला जिन्यासारखा शिकवला जातो. सर्वांत खाली प्रबोधनकाल, त्यावर बरोक, मग रोकोको, नवअभिजाततावाद, स्वच्छंदतावाद, वास्तववाद, दृक्प्रत्ययवाद आणि सर्वांत वर घनवाद. प्रत्येक पायरीवर दोन-तीन नावे आणि एखादे चित्र. आपल्या चित्रकारांचा उल्लेख आलाच तर शेवटी, परिशिष्टासारखा. या मांडणीने आपल्या चित्रकारांवर फार अन्याय केला आहे, असे मला वाटते. महाराष्ट्रात ही कला त्या क्रमाने आलीच नाही. पंधराव्या शतकात फ्लॉरेन्समध्ये गवसलेली गोष्ट आणि एकोणिसाव्या शतकात पॅरिसने टाकून दिलेली गोष्ट आपल्याकडे दोन-तीन पिढ्यांच्या अंतराने हाती पडली, आणि त्या पिढ्यांनी तिचे जे केले ते युरोपात कुणी केले नव्हते.

मावळातल्या वाचकाने हा इतिहास माळवलीपासून वाचायला घ्यावा. इंदुरीहून तळेगाव स्टेशन गाठायचे आणि लोणावळ्याकडची लोकल धरायची. वडगाव, कान्हे, कामशेत आणि मग माळवली. स्टेशनच्या एका अंगाला भाजे, दुसऱ्या अंगाला कार्ला. या दोन लेण्यांच्या मधल्या पट्ट्यात १८९९ च्या सुमारास राजा रविवर्मा यांचा छापखाना आला. पण छापखान्याआधी भाज्याच्या लेण्यात जाऊ.

तिथल्या विहारात इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमाराचे एक शिल्प आहे. हत्तीवर बसलेला देव. बहुतेक अभ्यासक त्याला इंद्र मानतात. हत्तीने सोंडेत झाड धरले आहे आणि खाली माणसे इवलीशी आहेत. ती दूर आहेत म्हणून लहान नाहीत, त्यांचे महत्त्व कमी म्हणून लहान आहेत. युरोपातही कित्येक शतके हाच नियम होता. जोत्तोने १३१० च्या सुमारास रंगवलेली सिंहासनावरची मेरी भोवतीच्या देवदूतांपेक्षा कितीतरी मोठी आहे. जगातल्या बहुतेक चित्रपरंपरांनी आकार मानाप्रमाणे दिला. अंतराप्रमाणे आकार देण्याचा आग्रह हाच खरा अपवाद, आणि तो फ्लॉरेन्समध्ये जन्मला.

तो का जन्मला, याचे उत्तर अर्धे देवळात आणि अर्धे बाजारात आहे. फ्लॉरेन्स हे व्यापाऱ्यांचे आणि सावकारांचे शहर. तिथली मुले शाळेत पिंपांचे आणि गठ्ठ्यांचे घनफळ काढायला शिकत. पिएरो देल्ला फ्रांचेस्का या चित्रकाराने यथार्थदर्शनावर, म्हणजे अंतराप्रमाणे आकार देण्याच्या शास्त्रावर, ग्रंथ लिहिला तसा व्यापारी गणितावरही लिहिला. मोजमापात मुरलेल्या या समाजात ब्रुनेलेस्कीने १४२० च्या आगेमागे बाप्तिस्म्याच्या मंदिराचे चित्र भूमितीने काढून दाखवले. १४२७ च्या सुमारास मासाच्चोने सांता मारिया नोव्हेल्ला चर्चच्या सपाट भिंतीवर ‘त्रिमूर्ती’ रंगवली आणि पाहणाऱ्याला भिंतीत खोल कमानदार दालन असल्याचा भास झाला. १४३५ मध्ये अल्बर्टीने हे सारे नियमात बसवले: चित्र म्हणजे खिडकी, क्षितिजरेषा पाहणाऱ्याच्या डोळ्याच्या उंचीवर, आणि आत जाणाऱ्या समांतर रेषा त्या क्षितिजावरच्या एका बिंदूत मिळतात.

यात एक मोठी उलथापालथ होती. आता देवाचा आकारही पाहणारा माणूस कुठे उभा आहे त्यावर ठरणार होता. लिओनार्दोच्या ‘अंतिम भोजना’त (१४९५–९८) सगळ्या रेषा ख्रिस्ताच्या मस्तकाशी येऊन मिळतात. त्याला इतरांपेक्षा मोठे न काढता मोठे करण्याचा हा उपाय. राफाएलने १५०९–११ मध्ये व्हॅटिकनच्या भिंतीवर ‘अथेन्सची पाठशाळा’ रंगवताना तीच युक्ती तत्त्वज्ञांसाठी वापरली.

दुसरा शोध उत्तरेकडचा. यान व्हान आयकने जवसाच्या तेलात कालवलेले रंग पातळ थरांनी एकावर एक चढवले आणि मखमल, पितळ, काच, कातडी यांचा फरक चित्रात दिसू लागला. तैलरंग त्याच्या आधीही होते. त्यांच्यातून काय काढता येते हे त्याने दाखवले. पुढची चारशे वर्षे युरोपीय चित्रकला या दोन शोधांवर उभी राहिली. काराव्हाज्जोने १६०० च्या सुमारास काळोखातून एकच तिरीप आणली. रेम्ब्रांटने तो काळोख माणसाच्या चेहऱ्यामागे, मनात नेला. वेलास्केसने ‘लास मेनिनास’मध्ये (१६५६) चित्राच्या आत चित्रकारालाच उभे करून कोण कुणाला पाहते आहे असा पेच घातला. रोकोकोवर मी फार थांबणार नाही. त्यात कौशल्य अपार आहे, पण आपल्या गोष्टीत ते कुठेच येत नाही. आपल्या दृष्टीने महत्त्वाची घटना निराळी. १६४८ मध्ये पॅरिसला राजाश्रयाने कला अकादमी निघाली आणि चित्रकला हा शिकवण्याचा अभ्यासक्रम झाला. आधी पुतळ्यांवरून रेखन, मग जिवंत माणसावरून, मग तैलरंग. विषयांत पुराण आणि इतिहास सर्वांत वर, स्थिरचित्र सर्वांत खाली. पुढे मुंबईला पोचली ती या शिस्तीचीच ब्रिटिश शाखा.

मुंबईच्या आधी गोवा आणि पुणे आहेत. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला तेव्हा राफाएल हयात होता, मायकेलअँजेलो सिस्टाइन चॅपेलच्या छतावर काम करत होता. चर्चच्या वेदीमागची कोरीव मखरे आणि चित्रे गोव्यात उभी राहू लागली. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू बॅसिलिकेत सेंट फ्रान्सिस झेवियरच्या पेटीखालचा संगमरवरी चौथरा फ्लॉरेन्सच्या जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनीने घडवला. तोस्कानाचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो मेदिची याची ती भेट, १६९८ मध्ये बसवलेली. मेदिची हे नाव प्रबोधनकाळाशी किती जोडलेले आहे हे ज्याला ठाऊक आहे त्याने हा चौथरा मुद्दाम पाहावा. त्यावरच्या काशाच्या फलकांत उठाव हळूहळू कमी करत अंतर दाखवण्याची फ्लॉरेन्सची जुनी विद्या गोव्याच्या दमट हवेत तीनशेहून अधिक वर्षे टिकून आहे. पण ही कला चर्चच्या आवाराबाहेर मराठी मुलखात फारशी पसरली नाही.

पुण्यात ती दरबारात आली. ब्रिटिश रेसिडेंट चार्ल्स मॅलेट यांच्या आश्रयाने जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार पुण्याला आला आणि १७९२ मध्ये त्याने सवाई माधवराव व नाना फडणवीस यांचे तैलचित्र केले. शनिवारवाड्यात चित्रशाळा चालली. गंगाराम चिंतामण तांबट हा मराठी चित्रकार याच काळात वेरूळची लेणी, पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा, पैलवान यांची चित्रे काढत होता. गंगारामचा गेंडा मला फार मोलाचा वाटतो. देशी रेषेची सफाई आणि साहेबी छायाप्रकाश असे दोन्ही त्यात एकत्र नांदतात, आणि कुणी कुणाला दाबलेले नाही. १७९५ मध्ये वेल्स वारला, त्याच वर्षी सवाई माधवराव गेले, आणि हा प्रयोग तिथेच तुटला. तो चालू राहता तर पुढचे शतक वेगळे दिसले असते.

मध्ये साठ वर्षे गेली. सर जमशेटजी जीजीभाईंच्या एक लाखाच्या देणगीतून १८५७ मध्ये मुंबईत कलाशाळा सुरू झाली, तीच आजची जे.जे. तिचा मूळ हेतू कारागीर घडवण्याचा. १८६५ मध्ये लॉकवुड किपलिंग आले ते वास्तुशिल्प शिकवायला, आणि मुंबईच्या इमारतींवरचे कोरीव काम या शाळेच्या विद्यार्थ्यांच्या हातून झाले. इथेच आपल्या इतिहासाचा सांधा आहे. मासाच्चोसाठी यथार्थदर्शन हा प्रश्न होता; जे.जे.च्या मुलासाठी तो तयार उत्तराचा धडा होता. त्यातच जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून १८८५ पर्यंत विद्यार्थ्यांना अजिंठ्याला नेऊन चित्रांच्या प्रतिकृती करवून घेतल्या. वर्गात ग्रीक पुतळ्यांचे प्लॅस्टर आणि सुट्टीत अजिंठ्याची रेषा, असे दुहेरी शिक्षण त्या मुलांना मिळाले. या प्रतिकृती लंडनला गेल्या आणि तिथे लागलेल्या आगीत त्यांतल्या बऱ्याच नष्ट झाल्या. डोळ्यावर झालेला संस्कार राहिला.

त्या शिस्तीची खूण आजही गावोगाव आहे. इंदुरीची असो वा गडचिरोलीची, शाळेतली मुले एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसतात, वस्तुचित्र काढतात, तांब्याची कड लंबवर्तुळाकार दिसते हे शिकतात. तांब्याचे तोंड गोल असते हे त्यांना ठाऊक असते, तरी कागदावर ते चपटे काढायचे असते. फ्लॉरेन्सचा सगळा झगडा त्या एका वळणात आहे, आणि तो तसा समजावून सांगणारे चित्रकलेचे शिक्षक मुलांना फार मोठे काहीतरी देतात.

आता माळवली. रविवर्मा (१८४८–१९०६) कोणत्याही कलाशाळेत शिकले नव्हते. त्रावणकोरच्या दरबारात आलेल्या थिओडोर जेन्सनला काम करताना पाहून आणि स्वतः धडपडून त्यांनी तैलरंग आत्मसात केले. बडोद्याच्या सयाजीरावांसाठी त्यांनी पुराणप्रसंगांची चौदा चित्रे केली आणि ती पाहायला लोटलेली गर्दी पाहून छपाईचा विचार बळावला. १८९४ मध्ये मुंबईत छापखाना निघाला. ‘शकुंतलाजन्म’ हे पहिले चित्र. जर्मन यंत्रे, जर्मन तंत्रज्ञ. मुंबईत १८९६ पासून प्लेग होता. त्या धामधुमीत छापखाना घाटकोपरहून माळवलीला हलला. काही वर्षांतच कर्ज आणि नुकसान यांमुळे तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे गेला. पुढे धुरंधरांसारख्या चित्रकारांची चित्रेही तिथून निघाली.

इथे छापल्या जाणाऱ्या रंगीत चित्राची, म्हणजे ओलिओग्राफची, रीत समजून घेण्यासारखी आहे. आपल्याकडे पोथ्या शिळाछापावर निघत तेच तत्त्व. बव्हेरियातल्या बारीक पोताच्या चुनखडीच्या शिळेवर स्निग्ध शाईने रेखन करायचे, शिळा ओली करायची. पाणी रिकाम्या जागी राहते, शाई रेखनाला धरते. रंगीत चित्रासाठी प्रत्येक रंगछटेची शिळा वेगळी, आणि तोच कागद एकामागून एक शिळांवर तंतोतंत बसवायचा. सगळ्यात शेवटी रोगणाचा हात आणि कापडाचा पोत उमटवणारा दाब, म्हणजे कागदच तैलचित्रासारखा भासतो. मूळ चित्र पाहून त्याचे रंग शिळांमध्ये वाटून देणारा कारागीर हा खरे तर दुसरा चित्रकारच.

या छापखान्यातून निघालेल्या लक्ष्मीकडे नीट पाहावे. कमळात उभी, चार हात, मागे हत्ती. पण अंगावर साडीच्या चुण्यांची सावली आहे, गालाला गोलाई आहे, पाण्यात प्रतिबिंब आहे आणि मागे दूरवर धूसर होत जाणारे निसर्गदृश्य आहे. लिओनार्दोची धूसर क्षितिजे आणि व्हान आयकची वस्त्रे देवघरात आली. गंमत अशी की भाज्याच्या इंद्रासारखी मानाने मोठी असलेली मूर्ती इथे माणसाच्या मापाची झाली आणि तरीही लोकांनी तिला हळदकुंकू वाहिले. युरोपात या चित्रभाषेने देवाला माणसाच्या नजरेखाली आणले. मराठी घरांनी तीच भाषा घेऊन नमस्कारासाठी वापरली. रविवर्म्यांना नाटकी, गुळचट म्हणणारी टीका मी वाचली आहे आणि काही चित्रांबाबत ती खरी आहे. पण ज्या घरात कधी चित्र नव्हते तिथे पहिले चित्र त्यांनी नेले, ही गोष्ट कलेच्या इतिहासात कुठल्याही वादापेक्षा लहान नाही. १९७२ मध्ये छापखान्याला आग लागली आणि बरेच काही जळाले.

याच छापखान्यासाठी छपाईचे काम केलेला जे.जे.चा आणि बडोद्याच्या कलाभवनाचा एक विद्यार्थी पुढे जर्मनीला जाऊन आला आणि १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ घेऊन उभा राहिला: धुंडिराज गोविंद फाळके. चित्रातून चित्रपटात जाण्याची ही वाट कोल्हापुरातही पडली. आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे नात्यातले भाऊ नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत. राजवाड्याचे खांब आत आत जात लहान होतात, रस्ता डोंगराकडे वळतो, असा पडदा उघडला की प्रेक्षक टाळ्या वाजवत. कॅनव्हास न पाहिलेल्या मराठी माणसाने यथार्थदर्शन पाहिले ते नाटकाच्या पडद्यावर. बाबूरावांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत घडलेल्या दामले आणि फत्तेलाल यांनी १९३६ मध्ये प्रभातचा ‘संत तुकाराम’ केला. इंदुरीशेजारच्या भंडारा डोंगरावर बसलेले तुकोबा आपण मनात पाहतो ते बहुतांशी या चित्रकार-दिग्दर्शकांनी दाखवलेले.

कोल्हापूरच्याच आबालाल रहिमान यांनी जलरंगात आणि तैलरंगात पाणी, पहाट, धुके धरले. त्यांच्या निसर्गचित्रांत सुट्या फटकाऱ्यांनी उजेड थरथरतो. गणपतराव म्हात्रे यांनी विद्यार्थी असतानाच १८९६ मध्ये ‘मंदिराभिमुख’ ही तरुणीची प्लॅस्टरमूर्ती केली. ग्रीक पुतळ्यांच्या शिकवणीतून नेसलेल्या लुगड्याची इतकी जिवंत लय निघेल असे शिकवणाऱ्यांनाही वाटले नसेल. सांग्याचे ए. एक्स. त्रिंदाद, सावंतवाडीचे सा. ल. हळदणकर याच परंपरेचे. हळदणकरांचे हातात समई घेतलेल्या तरुणीचे जलरंगचित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे आणि लोक ते रविवर्म्यांचे समजतात. बोटांतून पाझरणारा तो तांबूस उजेड सतराव्या शतकात फ्रान्समधल्या जॉर्ज द ला तूरने मेणबत्तीपुढे धरलेल्या हातात रंगवला होता. तेलात जे सावकाश दुरुस्त करता येते ते हळदणकरांनी जलरंगात, चुकीला जागा नसलेल्या माध्यमात साधले.

म्हात्रे ‘मंदिराभिमुख’ घडवत होते त्याच्या आदल्याच वर्षी पॅरिसला सेझानचे पहिले स्वतंत्र प्रदर्शन भरले. दोन ठिकाणचे काळ असे समोरासमोर ठेवले की नेहमी निष्कर्ष काढला जातो: आपण मागे होतो. मला तो मान्य नाही. युरोपाने यथार्थदर्शन सोडले त्याची कारणे त्याची स्वतःची होती. १८३९ मध्ये छायाचित्रण जाहीर झाले आणि हुबेहूब दिसण्याचे काम यंत्राने घेतले. १८४१ मध्ये रंगाची धातूची नळी निघाली, चित्रकार रंग घेऊन आगगाडीने शहराबाहेर जाऊ लागला. जपानी छापचित्रांनी सपाट रंगाचे सामर्थ्य दाखवले. मानेने ‘ऑलिंपिया’त मऊ छटा टाकून दिल्या, १८७४ मध्ये मोने आणि मित्रांनी अकादमीबाहेर प्रदर्शन भरवले. सेझानने सेंट व्हिक्तोआर डोंगर पुन्हा पुन्हा रंगवताना एकाच चित्रात डोळा थोडा थोडा हलवला, आणि अल्बर्टीची खिडकी तडकली. पिकासोने १९०७ मध्ये तिची चौकटच मोडली. चारशे वर्षे त्या खिडकीतून पाहून झाल्यावरचा हा कंटाळा आणि शोध होता. मुंबईत ती खिडकी नुकतीच उघडली होती. तिच्यातून अजून दमयंती, तुकोबा, कोळीण, पंचगंगेचा घाट पाहायचे राहिले होते.

ती पाहून झाली तेव्हा इथेही बंड आले. बंगालने पाश्चात्त्य वास्तवाला आधीच नकार दिला होता. मुंबईत ग्लॅडस्टन सॉलोमन यांनी जिवंत मॉडेलवरचा अभ्यास आणि भारतीय भित्तिचित्रण असे दोन्ही चालवून मधली वाट काढली. त्यांच्यानंतर चार्ल्स जेरार्ड यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस रंगाला वस्तूपासून मोकळे करायला शिकवले. नाझींच्या छळामुळे मध्य युरोप सोडून मुंबईत आलेले वॉल्टर लँगहॅमर, रुडॉल्फ फॉन लायडन, इमॅन्युएल श्लेसिंजर यांच्याकडे तरुणांनी आधुनिक युरोपीय चित्रांच्या छापील प्रती पाहिल्या आणि बोलणी ऐकली. घनवाद, अभिव्यक्तिवाद, रंगभारवाद हे सारे एका संध्याकाळी, एका टेबलावर. क्रम असा पुन्हा मोडला आणि त्याचाच फायदा झाला. कुठल्या पायरीनंतर कुठली, हे बंधन त्यांच्यावर नव्हते.

१९४७ मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप निघाला: सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे, बाकरे. गोव्याच्या सालिगावचा सूझा गोव्याच्या चर्चमधले संत आणि क्रूस घेऊन आला. १५१० मध्ये आलेली कला त्याच्या काळ्या, रागीट रेषेतून परत बोलली. पंढरपूरचा हुसेन सिनेमाच्या जाहिराती रंगवून आला होता. आपल्या मावळातल्या नव्हे, अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा हरी अंबादास गाडे रंगांच्या पट्ट्यांत घरे आणि डोंगर बसवत होता. रझाला १९४८ मध्ये काश्मीरमध्ये छायाचित्रकार कार्तिये-ब्रेसाँने सेझानचा अभ्यास कर म्हणून सांगितले आणि तो १९५० मध्ये फ्रान्सला गेला. त्यांच्यानंतर ग्रुपमध्ये आलेल्या वासुदेव गायतोंडे यांनी वस्तू हळूहळू गाळून टाकत केवळ रंग आणि प्रकाश उरवला.

या तरुणांनी आधीच्या पिढीला जुनाट म्हटले. बंडाला ते बोलावेच लागते. पण टीकाकारांनी ते शब्द साठ-सत्तर वर्षे तसेच वापरत राहावे याला काही कारण नाही. धुरंधर, आबालाल, त्रिंदाद, हळदणकर यांची चित्रे लिलावात आणि प्रदर्शनांत अलीकडे नव्याने पाहिली जात आहेत ही आनंदाची गोष्ट आहे, मात्र मराठीत त्यांच्यावर जितके लिहायला हवे त्याच्या मानाने फार थोडे आहे. धुरंधरांचे ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे १९४० चे आत्मकथन आजही या काळाचे उत्तम दार आहे.

पाहायला लांब जावे लागत नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंनी जमवलेली युरोपीय चित्रे आहेत. बडोद्याच्या चित्रदालनात सयाजीरावांनी आणवलेली युरोपीय चित्रे आहेत. आणि सातारा जिल्ह्यात औंधला, यमाईच्या डोंगरावर, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभारलेल्या संग्रहालयात युरोपीय चित्रांच्या प्रतिकृती, रविवर्मा आणि हेन्री मूरचे मातृशिल्प एकाच छपराखाली आहे. स्वतः चित्रकार असलेल्या त्या संस्थानिकाने जिना बांधला नाही. जे आवडले ते शेजारी शेजारी ठेवले. शाळांच्या सहली गडावर जातात तशा औंधलाही जाव्यात, आणि नेणाऱ्या शिक्षकांनी मुलांना आधी माळवलीला उतरवून भाज्याचा इंद्र दाखवावा.